खोकल्याच्या बाटलीतलं तेल

माझं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण वजन उतरवलेल्या बायका बोलायला लागल्या की आरशापासून सुरुवात करतात. माझं आरशाशी काही भांडण नव्हतं. जळगावात आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी उडदाचे पापड आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाड पापड, करते. हाताखाली सहा बायका आहेत. उन्हाळ्यात मी पापडाचं पीठ कुटायला बसले की शेजारच्या घरातली भांडी वाजतात. अंगात ताकद होती, झोप लागत होती, दोन जिने चढत होते. वजन विचारतंय कोण!

मग धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

तो धुळ्याला असतो. पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान आहे. आई गेली तेव्हा तो नववीत होता आणि माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, तरी त्याचे डबे, त्याच्या परीक्षा, त्याचं लग्न, सगळं माझ्या हातून झालं. आता आठवड्यातून तीन दिवस तो डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास पडून राहायला लागला. भावजयीला शुगर, त्यामुळे तिची किडनी चालेना. राहिले मी. तपासण्या झाल्या आणि माझी जुळली. त्या दिवशी मी नाशिकच्या त्या दवाखान्याबाहेर उभं राहून नवऱ्याला फोनवर सांगितलं, "जुळली हो!" जणू काही मुलीचं लग्नच जुळलं होतं.

आत डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "किडनी चालेल. वजन नाही चालणार. बहात्तरच्या खाली या, मग ऑपरेशन."

"मी धडधाकट आहे, साहेब. रोज उडदाचं पीठ कुटते."

"धडधाकट आहात म्हणून तर. एकच किडनी राहणार आहे तुम्हाला, तिच्यावर एवढं अंग टाकायचं का? आणि टेबलावर तुम्हाला काही झालं तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

बारा किलो. आमच्याकडे पिठाचं मोठं गाठोडं बारा किलोचं असतं. तेवढं मी अंगावरून उतरवून ठेवायचं होतं, आणि ते उतरेपर्यंत भावाने खुर्चीत पडून राहायचं होतं.

त्याच दवाखान्यात एक आहार सांगणारी मुलगी होती. वाळक्या शेंगेसारखी. मला तिला पाहताच राग आला, की ही मला खाणं शिकवणार! पण बोलायची नीट. म्हणाली, "मावशी, अवघड काही नाही. तोंडातून जेवढ्या कॅलरी आत जातात त्यापेक्षा जास्त अंगाने खर्च व्हायला पाहिजेत. मग कमी पडलेलं अंग आपल्याच चरबीतून काढून घेतं. आत जाणारं थोडं कमी करा, खर्च थोडा वाढवा, दोन्ही बाजूंनी मिळून होईल." दिवसाला चौदाशे कॅलरी सांगितल्या, तासभर भरभर चालणं सांगितलं, तेल तीन छोटे चमचे सांगितलं, आणि जे खाल ते वहीत लिहा म्हणाली.

मी म्हटलं, लिहिते. मोजमापाला मी कुठे घाबरते? माझ्याकडे पापडाचा काटा होता, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दुसऱ्या दिवसापासून त्यावर भाकरी चढली. भात चढला. गूळ, चहातली साखर, चतकोर पोळीसुद्धा चढली. केळी बंद केली, आणि जळगावात राहून केळी बंद करणं म्हणजे काय ते जळगावातच राहून कळतं. पहाटे नवऱ्याला उठवून मेहरूण तळ्यावर जायला लागले. तो कुत्र्यांसाठी काठी घेऊन मागे, मी पुढे. चैत्रातलं आमचं ऊन सकाळी आठलाच डोक्यावर बसतं, म्हणून साडेपाचला निघायचं. घामाने पदर पिळायची पाळी यायची. वही भरत होती. एकही दिवस चुकला नाही.

आणि माझ्या वजनाचा काटा जागचा हलला नाही.

पहिल्या महिन्यात एक किलो गेला आणि दुसऱ्या महिन्यात तो परत आला. रागाने मी तो काटा बदलून आणला, शेजारणीच्या घरी जाऊन तिच्या काट्यावर उभी राहिले, मेडिकलवाल्याच्या काट्यावर राहिले. सगळे मेले एकच बोलत होते.

दर रविवारी मी एसटीने धुळ्याला जायची. एरंडोल, पारोळा, धुळे, अडीच-तीन तास. भाऊ वाट बघत असायचा. त्याचं जेवण फारच बेचव झालं होतं. मीठ जवळपास नाही, डाळ मोजून, टोमॅटो नाही, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकलेला, केळी नाही, आंबा नाही. पाणी दिवसाला लिटरभर, बस्स. हा माणूस पूर्वी शेवभाजीची अख्खी तर्री पिऊन वर ताटली पुसून खाणारा! आता तो आपला पांढरा भात चार घासांत संपवायचा आणि माझ्या ताटाशी येऊन बसायचा. भावजयीला माझ्यासाठी खिचडी टाकायला लावायचा, आणि स्वतः तेलाची बुधली घेऊन माझ्या खिचडीवर धार धरायचा.

"आखो ले, अक्का."

आखो म्हणजे आणखी. लहानपणी हाच शब्द तो मला म्हणायचा, ताट पुढे करून. आता बुधली त्याच्या हातात होती.

"पुरे रे."

"तू खाय. मी देखस."

तू खा, मी बघतो. आणि खरंच बघायचा. मी घास उचलला की त्याचं तोंड हलायचं. त्याच्या जिवाला तेवढंच बरं वाटत होतं, म्हणून मी खायची. वहीत लिहायची: खिचडी दीड वाटी.

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडे कच्चं शेंगदाण्याचं तेल वरून घेतात. खिचडीवर घेतात, ठेच्यात घेतात, भरतावर घेतात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर तर वाटीतच घेतात. पण त्याला कोणी खाणं म्हणत नाही. जेवायला काय होतं विचारलं तर खिचडी होती म्हणतात, तेल होतं असं कोणी सांगेल का? मीठ होतं असं तरी कोण सांगतं? मी फोडणीचं तेल चमच्याने मोजत होते, तीन चमचे, अगदी प्रामाणिकपणे, आणि वही मिटून वरून धार घेत होते.

त्यात सीझन पापडाचा. पापडाच्या पिठाची गोळी, तिला आम्ही लाटी म्हणतो, ती तेलात बुडवून तोंडात टाकल्याशिवाय मीठ-खार बरोबर आहे की नाही कळत नाही. प्रत्येक घाण्याला एक लाटी माझी. बिबड्यांच्या दिवशी ज्वारीच्या पिठाचा गरम घाटा शिजला की सहा बायका वाट्या घेऊन बसणार, वर तेल ओतणार, आणि मालकीण म्हणून पहिली वाटी माझ्या हातात. ते काही जेवण नव्हे. ती चव बघणं. चव बघितलेली कोणी वहीत लिहितं का?

अखाजीला मी माहेरी, म्हणजे भावाकडे गेले. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी असते. त्याला तर रसाचा थेंब चालत नव्हता. मी म्हटलं, या वर्षी रस नकोच करायला. तर तो भडकला. "अखाजीले मन्ही बहीण रसबिगर जेवी जाई का?" आंबे त्याने स्वतः पिळले. हात कोपरापर्यंत पिवळे, आणि एक बोट चाटलं नाही. मी बघत होते. अशा माणसाने वाटी पुढे केल्यावर नाही कशी म्हणू? मी दोन वाट्या रस प्यायले, आणि वहीत दोन्ही लिहिल्या, हे माझ्या बाजूने नोंदवते.

त्यानंतर आठ दिवसांनी नाशिकला तपासणी. काट्यावर पंच्याऐंशी.

डॉक्टरांनी भावाला आणि भावजयीला बाहेर बसवलं. दार लावून घेतलं. मग फार मऊ आवाजात म्हणाले, "बाई, एक विचारतो. मनातून द्यायची नसेल तर मला सांगा. पुष्कळांना नसते, त्यात पाप नाही. मी कागदावर वैद्यकीय कारण लिहीन, घरात कोणाला कळणार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वही काढून त्यांच्या टेबलावर आपटली. "हे बघा! दोन महिने! एक दिवस सुटलेला दाखवा!" त्यांनी वही चाळली. "वहीप्रमाणे तर तुमचे पाच किलो उतरायला पाहिजे होते," एवढंच बोलले. म्हणजे एकतर मी खोटारडी, नाहीतर देवच माझ्या विरुद्ध. बाहेर आले तर भावजय माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिच्या डोळ्यांत तोच प्रश्न दिसला, आणि तिला दोष कसा देऊ? तिच्या नवऱ्याचा जीव माझ्या अंगावरच्या बारा किलोंच्या पलीकडे अडकून पडला होता आणि ते तेरा झाले होते.

धुळ्याला घरात शिरले आणि सुटले. काटा खोटा, डॉक्टर खोटा, ती वाळकी पोरगी खोटी, त्यांची यंत्रं भंगारात घाला! भाऊ खाटेवर बसून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मशीन खोटं नही शे, अक्का. मी बी पयले आसंच म्हनं व्हतं."

मग त्याने सांगितलं. डायलिसिसला बसण्याआधी पेशंटचं वजन करतात, अंगात पाणी किती साठलं ते बघायला. सुरुवातीला दर वेळी त्याचं वजन तीन-तीन किलो जास्त भरायचं आणि तिथली माणसं त्याच्यावर ओरडायची, पाणी जास्त पिता म्हणून. हा शपथा घ्यायचा. पाणी तो खरंच लिटरभरच पीत होता. पण चहा? तो चहा होता. ताक? ते ताक होतं. भाजीचा रस्सा, गोळ्यांबरोबरचे घोट, कलिंगडाची एक फोड? त्यात कुठे पाणी असतं!

तो उठला आणि स्वयंपाकघरातून त्याची बाटली घेऊन आला. सकाळी लिटरभर पाणी भरायचं, दिवसभर त्यातूनच प्यायचं. आणि कपभर चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून मोरीत ओतून द्यायचं. वाटीभर रस्सा घेतला की वाटीभर ओतायचं. बाटली संपली की दिवस संपला, मग घसा कितीही कोरडा पडो. "बठ्ठं धरनं पडस," तो म्हणाला. सगळं हिशेबात धरावं लागतं.

मी त्या बाटलीकडे बघत राहिले. मोरीत पाणी ओतताना या पोराच्या जिवाला काय होत असेल! पण माझं डोकं कामाला लागलं होतं. सगळं धरायचं. मी काय धरलं नव्हतं?

जळगावला आल्यावर मी खोकल्याच्या औषधाची शंभर मिलीची बाटली घासून घेतली, उकळली, वाळवली. दिवसाला तीन छोटे चमचे म्हणजे पंधरा मिली, म्हणजे ही बाटली आठवड्याला जवळपास पुरायला हवी. सोमवारी सकाळी ती काठोकाठ तेलाने भरली आणि स्वतःला सांगितलं, जे तेल तुझ्या तोंडात जाईल ते हिच्यातूनच जाईल. फोडणी, वरची धार, लाटी, घाटा, बठ्ठं. बाकी काही बदलायचं नाही, रोजच्यासारखंच खायचं. फक्त बघायचं.

मंगळवारी संध्याकाळी बाटली रिकामी झाली.

माय वं! मी ती उलटी करून हलवली. तळाला एक थेंब फिरत होता. आठवड्याचं तेल दोन दिवसांत, आणि मला कळलंसुद्धा नाही. त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. तुमचं तासभर चालणं म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे." म्हणजे पहाटे नवऱ्याला आणि काठीला घेऊन मी तळ्याकाठी जे गाळून येत होते, ते दुपारपर्यंत चार लाट्यांनी परत भरत होते. मी तिला म्हटलं, "हे तू आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "मी विचारलं होतं वरून काही घेता का. तुम्ही नाही म्हणालात." खरंच म्हणाले होते. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. मला तेव्हा आठवलंच नव्हतं.

आता चूक सापडली होती, आणि चूक सापडली की मी सोडत नाही. बायकांना सांगून टाकलं, यापुढे लाटीची चव तुम्ही बघायची, मी नुसतं कुटणार. त्या हसल्या. घाट्याच्या वेळी मी मागच्या अंगणात जाऊन कपडे धुवायला लागले. त्या वासाने जीव कासावीस व्हायचा, खोटं कशाला सांगू. बाटली ओट्यावर समोर ठेवली, चिकटपट्टी लावून वर "माझी" लिहिलं. पहिल्या आठवड्यात एक किलो, दुसऱ्यात अर्धा.

पण रविवार यायचाच होता.

धुळ्याला ताट वाढलं, भाऊ बुधली घेऊन आला. मी पिशवीतून खोकल्याची बाटली काढली आणि चमचाभर तेल स्वतःच खिचडीवर घातलं. तो बघतच राहिला.

"हाई काय?"

"माझं तेल. यापुढे एवढंच."

"मन्हा हातनं तेल कडू लागस का तुले?"

मी समजावून सांगायला हवं होतं. मला कुठे तेवढा धीर! मी ओरडले, "तुझ्या हातचं तेल तुझ्याच जिवावर उठलंय! माझ्या ताटात धार धरतोस आणि तिकडे डॉक्टर मला विचारतो, भावाला किडनी द्यायची नाही का म्हणून!"

हे मी त्याला सांगणार नव्हते. भावजय दारात उभी होती, तिने तोंडावर पदर धरला. तो खाली बसला. बुधली दोन्ही हातांत तशीच. मग अगदी हळू म्हणाला, "माले आते इतलंच उरेल शे, अक्का. तू खास ते देखनं."

मला आता एवढंच उरलंय. तू खातेस ते बघणं.

मी त्या दिवशी चमचाभर तेलाचीच खिचडी खाल्ली. त्याने वळून भिंतीकडे तोंड केलं. एसटीत बसल्यावर पारोळ्यापर्यंत रडले. शेजारच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही हो, कोणी जाऊ नये म्हणून चाललंय सगळं.

पुढच्या रविवारी जायला पाय उचलत नव्हते. गेले, तर तो दारातच उभा. "बाटली दे." दिली. त्याने भावजयीची नेलपॉलिश घेतली आणि मोटारीची तार गुंडाळणाऱ्या त्या सरळ हाताने बाटलीवर सहा लाल रेघा मारल्या, अगदी सारख्या अंतरावर. सात दिवसांचे सात भाग. शाळेत भूमितीत नापास होणारा माणूस! म्हणाला, रोज संध्याकाळी फोन करीन, रेघ सांगायची. आणि मी त्याच्या पाण्याच्या बाटलीची विचारायची.

तसं ठरलं. रोज साताच्या सुमाराला फोन. "आज रेघ कोठे शे?" मी सांगायची, चौथीच्या वर. "तुझी?" तो सांगायचा, अजून दोन घोट उरलेत, झोपताना गोळीला ठेवलेत. एखादे दिवशी मी रेघ ओलांडलेली असायची आणि तो असा काही गप्प व्हायचा की दुसऱ्या दिवशी मी कोरडी भाकरी खायची. एकदा त्याने ओलांडली. ऑक्टोबरच्या उन्हात दुकानात तहान आवरली नाही, दोन ग्लास जास्त प्यायला. छातीत पाणी भरलं, श्वास घेता येईना, रिक्षात घालून नेला. तीन दिवस आत होता. मी अठ्ठ्याहत्तरवर होते. डॉक्टर म्हणाले, फार लांबवू नका.

लांबवू नका म्हणे! अंग काय माझ्या सांगण्यात होतं? पंच्याहत्तरवर येऊन ते असं अडून बसलं की साडेतीन आठवडे शंभर ग्रॅम हलेना. वही बरोबर, बाटली बरोबर, चालणं बरोबर. यावेळी मात्र मी काट्याला शिव्या दिल्या नाहीत. त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, तुमचं अंग हलकं झालं, आता त्याला चालवायला खर्चही कमी लागतो. पूर्वी तुम्ही नऊ किलो जास्त घेऊन चालत होतात ना." मला ते पटलं. रिकामी पोती उचलायला भरलेल्याएवढा दम कुठे लागतो? मग संध्याकाळीही तळ्यावर जायला लागले. नवरा म्हणाला, "मी काय पाप केलंय?" पण आला. एकदाही नाही म्हणाला नाही तो माणूस, हे इथेच लिहून ठेवते, तोंडावर मी सांगणार नाही.

मधे भरताचे दिवस आले. डिसेंबरात आमच्याकडे शेतावर काटक्या पेटवून हिरवी वांगी भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, आणि तेल असं ओततात की भरीत त्यात पोहतं. माझ्या सहा बायकांनी पार्टी ठरवली. मी गेले. घरी लपून बसायला मी काय गुन्हा केला होता? माझ्या वाटणीचं भरीत फोडणीआधीच काढून घेतलं, पिशवीतून बाटली काढली आणि वर दोन छोटे चमचे सोडले. एक जण म्हणाली, "अक्का, खोकला लई दिवसांचा दिसतोय." सगळ्या खदाखदा हसल्या, मीही हसले. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने मात्र आपल्या ताटातलं तेल निथळून बाजूला काढलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

जानेवारीत नाशिक. काट्यावर चढण्याआधी मी बांगड्या काढल्या, जोडवी काढली, घड्याळ काढलं, केसांतल्या पिना काढल्या. नर्स म्हणाली, "मावशी, दात राहिले." चढले. डोळे मिटून घेतले. नर्स आकडा वाचेना, तेव्हा मीच उघडले. एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "चुकलं माझं, बाई," म्हणाले. मला भांडायला काही कारणच ठेवलं नाही त्यांनी. मी तिथेच स्टुलावर बसले आणि दहा महिन्यांचं सगळं रडून घेतलं.

पुढे अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे बसवून विचारलं, कोणी जबरदस्ती केली का. मी म्हटलं, जबरदस्ती मी केली, स्वतःवर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र मला भीती वाटली, साधीसुधी नाही. नवऱ्याला म्हटलं, बाटलीत अजून तीन रेघा तेल आहे, फेकू नका. तो म्हणाला, तू येऊन संपव.

तिसऱ्या दिवशी मला चालवायला लागले. एक हात पोटावर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, पाऊल पाऊल करत मी भावाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत जायची मनाई, तोंडाला मास्क. तो उशीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, पण रंग बदललेला. नऊ-दहा महिन्यांत तो राखेसारखा झाला होता, तो आता माणसासारखा दिसत होता. त्याच्या शेजारी नर्स पाण्याचा जग घेऊन उभी होती आणि त्याला दटावत होती. "दादा, आता उलटं आहे. आता भरपूर प्यायचंय. घाबरताय काय असे?"

त्याच्या हातात पाण्याने भरलेला ग्लास होता. तो त्या ग्लासाकडे बघत होता. रेघ शोधत असावा. मग त्याने मान वर केली आणि मी दारात दिसले.

मी मास्क खाली ओढला आणि म्हटलं, "तू पी. मी देखस."

त्याने ग्लास तोंडाला लावला. घशाची घाटी वर-खाली होताना मी बघत होते, आणि त्याच्याबरोबर माझंही तोंड हलत होतं. मधे थांबला नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं, ते पुसलं नाही. ग्लास संपला. त्याने तो उलटा करून मला दाखवला, एक थेंब पडला चादरीवर. मग नर्सपुढे धरला.

"आखो."

नर्स नाशिककडची. तिला कळलं नाही, ती माझ्याकडे बघायला लागली.

"आणखी मागतोय तो," मी म्हटलं. "द्या त्याला. काठोकाठ भरून द्या."